भाऊसाहेबांचा अंत आणि निश्चयाची घाई

थोर पुरुषांच्या चरित्रातील पुष्कळशी कोरी पाने आपण बिनतक्रार सोसतो. अमक्याचे बालपण कसे गेले, त्याने विद्या कोणापाशी संपादिली, त्याचे घरचे बोलणेचालणे कसे होते, हे ठाऊक नसले म्हणून आपले फारसे अडत नाही. परंतु त्याच्या मृत्यूचे पान कोरे राहिले की आपण अस्वस्थ होतो. आणि तो मृत्यू रणांगणावरचा असेल तर ते पान कसेही करून भरून काढल्यावाचून आपल्या मनाचे समाधान होत नाही. महाराष्ट्रास या अस्वस्थतेचा मोठा अनुभव आला तो सदाशिवरावभाऊंच्या निमित्ताने. शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीस, म्हणजे बुधवार, १४ जानेवारी १७६१ रोजी, दिवस कलल्यावर पानिपतच्या मैदानात भाऊसाहेबांचे नक्की काय झाले, हा प्रश्न त्या दिवशी जो उत्पन्न झाला तो अजून पुरता मिटलेला नाही.

या प्रश्नाचा ऐतिहासिक खल पुष्कळ झाला आहे आणि त्यात भर घालावी असा आमचा हेतू नाही. आम्हांस विचारावयाचा आहे तो प्रश्न नीतिशास्त्राच्या प्रांतातला आहे. पुरावा अपुरा असताना एखादी गोष्ट निश्चित मानणे हा केवळ बुद्धीचा दोष आहे, की तो आचरणाचाही दोष आहे? प्रेमाने, अभिमानाने किंवा दुःखाने मनुष्य एखाद्या समजुतीस चिकटून राहिला, तर त्यास आपण दोष द्यावा की नाही? भाऊसाहेबांच्या अंताची हकीकत या प्रश्नास जितकी उपयोगी पडते तितकी दुसरी क्वचितच पडेल. कारण येथे एका समजुतीपायी एका बाईचे उभे आयुष्य वेगळ्या वाटेने गेले आणि दुसऱ्या एका समजुतीपायी राज्यात बंड होऊन माणसे प्राणास मुकली.

प्रथम निर्विवाद तेवढे सांगतो. भाऊसाहेब हे चिमाजीअप्पांचे पुत्र. पानिपतच्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांचे होते. त्याच्या आदल्याच वर्षी उदगीरास त्यांनी निजामाचा पराभव केला होता. लढाईच्या दिवशी दुपारपर्यंत मराठ्यांचा जोर होता. पुढे नानासाहेब पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि शत्रूच्या गर्दीत शिरले. यानंतर त्यांना जिवंत पाहिले असे खात्रीने सांगणारा कोणीही आपल्या बाजूचा मनुष्य महाराष्ट्रात परत आला नाही. नाना फडणीस त्या दिवशी मैदानावर होते. ते वाचले आणि त्यांनी त्या दिवसांची हकीकत पुढे स्वतः लिहून ठेविली. मल्हारराव होळकर आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर निसटले. जनकोजी शिंदे व इब्राहिमखान गारदी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. इतक्या सगळ्यांचे काय झाले हे कळले. मुख्य सेनापतीचे मात्र कळले नाही.

शत्रूच्या गोटातून आलेली एक साक्ष आहे आणि ती मोलाची आहे. काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. लढाईपूर्वी भाऊसाहेब आणि शुजा यांच्यामध्ये जी तहाची बोलणी चालली त्यांत त्याचा हात होता आणि लढाईच्या वेळी तो जवळच होता. सुमारे वीस वर्षांनी त्याने फारसीत आपली हकीकत लिहिली. तो सांगतो की, शुजाने रणांगणावर शोध करविला तेव्हा एक शिर नसलेले धड सापडले. मांडीवरचा डाग, पाठीवरचा जुन्या वाराचा वण आणि पायावरची शुभरेषा या खुणांवरून ते भाऊसाहेबांचेच असे ओळखीच्या लोकांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी एका दुराणी शिपायापाशी लपविलेले शिर मिळाले. त्या शिपायाने आपली कथा सांगितली ती अशी: भारी पोशाखाचा एक जखमी सरदार, घोडा गमावलेला, भाल्याच्या आधाराने चालला होता. स्वारांनी त्यास गाठून, तू कोण म्हणून विचारले. त्याने उत्तर दिले नाही. तेव्हा एकाने चिडून वार केला, त्यानेही भाल्याने प्रतिकार केला, आणि अखेरीस तो मारला गेला.

ही साक्ष कशी तोलावी? आमच्या न्यायशास्त्राने शब्द हे प्रमाण मानले आहे खरे. परंतु शब्द आप्ताचा, म्हणजे ज्यास विषय ठाऊक आहे व जो जसे असेल तसे सांगू इच्छितो अशाचा, असावा असेही म्हटले आहे. काशीराज या कसोटीस बऱ्याच अंशी उतरतो. त्याने धड पाहिले, खुणा ओळखणारे लोक त्याच्या परिचयाचे होते आणि भाऊसाहेबांविषयी त्याच्या मनात आदर होता. पण शिपायाची गोष्ट निराळी. तो स्वतः मारणाऱ्यांपैकी होता, शिर लपविण्यात त्याचा स्वार्थ होता, आणि आपण पाठमोऱ्या माणसास मारले नाही, तो लढता लढता पडला, असे सांगणे त्यास सर्वथा सोयीचे होते. त्याचे बोलणे काशीराजाने ऐकले, वीस वर्षे स्मरणात ठेविले आणि मग लिहिले. याअर्थी एकाच ग्रंथाच्या एकाच प्रकरणात दोन निरनिराळ्या वजनांच्या साक्षी आहेत. भाऊसाहेब पडले, हे जवळजवळ निश्चित. ते असे असे पडले, हे एका शिपायाचे म्हणणे. वाचक बहुधा या दोहोंस एकाच ओझ्यात बांधतो आणि एक तर दोन्ही मानतो, नाही तर दोन्ही टाकतो. प्रमाद येथूनच सुरू होतो.

कोणी म्हणेल की, भाऊसाहेबांचा देह राखून ठेविला असता तर हा वाद उरलाच नसता. परंतु युरोपच्या इतिहासातील एक उदाहरण याच्या उलट आहे. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स हा आपल्या काळचा नामांकित सेनानी. १७१८ सालच्या नोव्हेंबरच्या ३० तारखेस, नॉर्वेतील फ्रेडरिकस्टेन किल्ल्याच्या वेढ्यात, खंदकात असता त्याच्या मस्तकातून गोळा आरपार गेला. राजाचा देह होता, जखम होती, भोवती माणसेही होती. तथापि गोळा किल्ल्यातून आला की राजाच्याच माणसाने झाडला, याविषयी संशय उत्पन्न झाला आणि तो तीन शतके टिकला. १७४६, १८५९ आणि १९१७ अशा तीन वेळा त्याची शवपेटी उघडून परीक्षा झाली. २०२२ साली फिनलंडमधील संशोधकांनी प्रयोग करून असे अनुमान काढले की, तो बंदुकीच्या साध्या शिशाच्या गोळीहून मोठा, तोफेतून आलेला लोखंडी गोळा असावा. म्हणजे तो शत्रूकडूनच आला असण्याचा संभव अधिक. यावरून दिसते की देह हाती असला म्हणून संशय फिटतोच असे नाही. संशयास पुराव्याची उणीव कारण असतेच, पण त्याबरोबर कोणाची तरी इच्छाही असते. राजाच्या मृत्यूने ज्यांचा फायदा झाला त्यांजविषयी ज्यांच्या मनात किंतु होता, त्यांना शत्रूचा गोळा पटणे कठीणच होते.

पुण्यासही इच्छा होती, आणि ती उलट दिशेची होती. भाऊसाहेब पडलेच नाहीत अशी ती इच्छा होती. पानिपत पुण्यापासून शेकडो कोस दूर. बातमी यावयाची ती तुकड्यातुकड्यांनी. क्रियाकर्म झाले ते शत्रूच्या गोटात. नानासाहेब पेशवे त्याच वर्षीच्या जूनमध्ये निवर्तले. अशा स्थितीत भाऊसाहेब निसटले असतील, कोठे गुप्तपणे राहिले असतील, एके दिवशी प्रकट होतील, अशी समजूत घरोघर रुजली यात नवल नाही. ज्या घरांतील माणसे उत्तरेत गेली आणि परत आली नाहीत त्यांना या समजुतीत आपल्याही माणसाची आशा सापडत होती. भाऊ परत येऊ शकतात तर आपला मुलगा का येणार नाही, असे कित्येक आयांच्या मनात आले असेल.

याच समजुतीवर तोतया उभा राहिला. सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण स्वतःस भाऊसाहेब म्हणवू लागला. त्यास पकडण्यात आले, कैदेत ठेवण्यात आले, आणि प्रकरण काही काळ थंडावले. पण १७७६ साली, सवाई माधवराव अगदी लहान असताना व राघोबादादांच्या तंट्याने राज्य पोखरलेले असताना, रत्नागिरीकडे तो कैदेतून सुटला, नव्हे सोडविला गेला. पाहता पाहता हजारो लोक त्यास मिळाले व कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले. अखेरीस शिंद्यांची फौज येऊन त्याचा मोड झाला. त्यास पकडून पुण्यास आणिले, चौकशी झाली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यास देहान्त शिक्षा देण्यात आली. ज्या नाना फडणीसांनी पानिपतचे मैदान डोळ्यांनी पाहिले होते त्यांच्याच कारभारात, पंधरा वर्षांनंतर, भाऊसाहेब मेले की नाहीत हा प्रश्न तोफांनी सोडवावा लागला.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला; तो पुष्कळ गाजला. त्याने एका जहाजमालकाचे उदाहरण घेतले आहे. जहाज जुने झाले आहे हे मालकास ठाऊक असते, मनात शंकाही येते. पण खर्च टाळावयाचा म्हणून तो शंका दडपून स्वतःची खात्री करून घेतो आणि उतारूंसह जहाज हाकारतो. जहाज बुडाले तर तो दोषी आहेच; पण क्लिफर्डच्या मते जहाज सुखरूप पोचले तरीही तो तितकाच दोषी, कारण तसे मानण्याचा त्यास अधिकार नव्हता. अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणे हे सर्वत्र व सर्वांस अनुचित, असा त्याचा निष्कर्ष. यास १८९६ साली अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने उत्तर दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, काही प्रसंगी पुराव्याची वाट पाहत बसणे हाही एक निर्णयच असतो. जेथे प्रश्न जिवंत आहे, टाळता येण्याजोगा नाही आणि बुद्धीने सुटण्याजोगाही नाही, तेथे हृदयाने कौल देण्यास मनुष्य मोकळा आहे.

या दोघांपैकी खरे कोण, याचा विचार करताना आमच्या डोळ्यांपुढे पार्वतीबाई येतात. भाऊसाहेबांच्या या पत्नी स्वारीत त्यांच्याबरोबर होत्या; त्या कशाबशा परत आल्या. भाऊसाहेब मेले हे त्यांनी मानिले नाही व वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. १७८३ साली त्यांचा अंत झाला. म्हणजे बावीस वर्षे त्यांनी सौभाग्य आणि वैधव्य यांच्या सीमेवर काढली. त्या काळी विधवेच्या वाट्यास काय येत असे हे वाचकांस सांगावयास नको. क्लिफर्डचा नियम शब्दशः लावला तर या बाई दोषी ठरतात. कारण पुरावा त्यांच्या समजुतीविरुद्ध होता. पण आमचे मन असा निवाडा देण्यास धजत नाही, आणि ते केवळ करुणेने नव्हे. पार्वतीबाईंनी आपल्या आशेची किंमत आपणच भरली. त्या आशेच्या आधारे त्यांनी कोणाचे राज्य मागितले नाही, कोणास लढावयास पाठविले नाही, कोणाचा गळा कापविला नाही. उलट, तोतयाच्या मागे उभे राहिलेल्या पुढाऱ्यांनी आपल्या समजुतीची, अथवा समजुतीच्या सोंगाची, किंमत दुसऱ्यांकडून वसूल केली. त्यांपैकी काहींना कारभाऱ्यांचा द्वेष होता, काहींना वतनाची आशा होती. भाऊसाहेब जिवंत असावेत हे त्यांना हवे होते, आणि हवे होते म्हणून ते खरे होते. हाच क्लिफर्डचा जहाजमालक.

यावरून आम्हांस जी कसोटी सुचते ती अशी. अपुऱ्या पुराव्यावर आशा धरणे निराळे आणि अपुऱ्या पुराव्यावर दुसऱ्यास ओढून नेणे निराळे. पहिल्यात मनुष्य फार तर स्वतःस फसवितो. दुसऱ्यात तो परक्याचे जीवित पणास लावितो. जितका आपल्या समजुतीचा भार दुसऱ्यावर पडेल तितका पुरावा अधिक कसून पाहिला पाहिजे.

आमच्या धर्मशास्त्रकारांस हा भेद चांगला ठाऊक होता असे दिसते. बेपत्ता झालेल्या मनुष्याची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचा दाहविधी करावा, अशी व्यवस्था त्यांनी सांगितली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ही मुदत सात वर्षांची ठरविली व २०२३ च्या नव्या कायद्यानेही ती तशीच ठेविली. ही व्यवस्था, तो मनुष्य मेलाच, असे सांगत नाही. वारसांचे, कर्जांचे, संसाराचे व्यवहार अडून राहू नयेत म्हणून तो मेला असे धरून चालावे, इतकेच ती सांगते. आणि तो परत आला तर दार उघडे ठेविते. मानणे आणि धरून चालणे या दोहोंत महदंतर आहे. नाना फडणीसांना राज्य चालवावयाचे होते. भाऊसाहेब गेले असे धरून चालणे हे त्यांचे कर्तव्यच होते. पार्वतीबाईंना राज्य चालवावयाचे नव्हते.

पण भाऊसाहेबांच्या अंताविषयी याहून सूक्ष्म अशी एक तिसरी अनिश्चितता आहे. ते मेले की नाही हा पहिला प्रश्न, कसे मेले हा दुसरा; आणि ते कोणत्या मनाने त्या गर्दीत शिरले हा तिसरा. वर्गात पानिपत निघाले की विद्यार्थी हाच प्रश्न विचारतात. कोणी म्हणतो, पुतण्या पडल्यावर बंधूस तोंड कसे दाखवावे या दुःखाने त्यांनी देह टाकला. कोणी म्हणतो, हा सेनापतीचा अपराध. तो दिसेनासा झाल्याबरोबर सैन्य उधळले. कोणी म्हणतो, पराभव अटळ झाला तेव्हा वीराने दुसरे काय करावे? तिघेही भाऊसाहेबांच्या मनातले सांगत असतात, आणि त्या मनाचा साक्षीदार एकच होता. काशीराजाने पाहिलेल्या धडावर खुणा होत्या. हेतूची खूण कोणत्याही देहावर उमटत नाही.

या ठिकाणी आम्हांस आपल्या सर्वांच्या एका सवयीवर बोट ठेवावेसे वाटते. मनुष्याच्या अखेरच्या घटकेवरून त्याच्या सबंध आयुष्याचा निवाडा करण्याची ही सवय होय. तलवार उपसून घोड्यावर पडले तर वीर, भाल्याचा आधार घेत पायी चालताना पडले तर दीन, आणि निसटले असतील तर भ्याड, असे तीन शिक्के आपण तयार ठेविले आहेत. आणि मग आपल्याला हवा तो शिक्का बसावा म्हणून हवा तो मृत्यू आपण निवडतो. वास्तविक ज्या गोष्टींवरून भाऊसाहेबांचा सेनापती म्हणून विचार करावयाचा त्या अखेरच्या घटकेत नाहीतच. कुंजपुरा घेतल्यावर अब्दाली यमुना उतरून अलीकडे आला, तो कसा येऊ दिला? बायकामुले व यात्रेकरू यांचा एवढा मोठा लबाजमा फौजेबरोबर का राहिला? डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले व रसद तुटली, तेव्हा उपाशी छावणी घेऊन जानेवारीच्या मध्यापर्यंत थांबणे योग्य होते काय? या प्रश्नांस पत्रे आहेत, तारखा आहेत, दोन्ही बाजूंच्या साक्षी आहेत. येथे दोष देता येईल, समर्थनही करता येईल. जेथे पुरावा आहे तेथे परिश्रम करावयाचे टाळून, जेथे तो नाही तेथे कल्पना लढविणे, हे सोपे आहे म्हणूनच लोकप्रिय आहे.

आणखी एक गोष्ट. त्या दिवशी हजारो माणसे त्या मैदानात पडली. त्यांतला कोण कसा पडला, हे कोणी विचारले नाही. त्यांच्या मांडीवरचे डाग व पाठीवरचे वण ओळखावयास कोणी गेले नाही. एका भाऊसाहेबांच्या मृत्यूची अनिश्चितता आपल्यास शतकानुशतके बोचत राहिली, तिचा थोडासा अंश तरी त्या निनावी माणसांच्या वाट्यास यावयास हवा होता. त्यांच्या घरांतही कोणी कुंकू पुसावे की ठेवावे या विवंचनेत वर्षे काढली असतील.

यावर असा आक्षेप येईल की, अशा काटेकोरपणाने आदर कोरडा पडतो. राष्ट्रास आपल्या वीरांच्या कथा हव्या असतात आणि कथेस निश्चित शेवट लागतो. कथेचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. नाटककाराने, कवीने भाऊसाहेबांस हवे तसे मरण द्यावे; ते काव्य आहे हे तो जाणतो आणि प्रेक्षकही जाणतो. आमची हरकत आहे ती काव्य इतिहास म्हणून चालविण्यास. जो आदर एका विशिष्ट प्रकारच्या मरणावर अवलंबून आहे तो आदर खरोखर त्या मनुष्याविषयी नसून आपण रचलेल्या चित्राविषयी असतो. आणि उद्या नवा कागद सापडून ते चित्र पुसले गेले तर तो आदरही पुसला जाईल. याउलट, ज्यास भाऊसाहेबांची कर्तबगारी, त्यांचे दोष आणि त्यांच्यावर पडलेला प्रसंग ही नीट ठाऊक आहेत त्याच्या आदरास अखेरच्या घटकेची साक्ष लागत नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा. मध्ये प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क अशा पाच पायऱ्या आहेत. संशयास त्या ऋषीने दोष म्हटले नाही, विचाराचे प्रवेशद्वार केले. दोष आहे तो तिसऱ्या पायरीवरून नवव्या पायरीवर एकदम उडी मारण्यात. म्हणून भाऊसाहेबांविषयी आपल्या मुलांना काय सांगावे असे कोणी आम्हांस विचारील तर आम्ही एवढेच सांगू: ते पानिपतावर पडले, हे मानण्यास भरपूर आधार आहे, ते झुंजत पडले, असे त्यांच्या मारेकऱ्यांपैकी एकाने सांगितले, त्या वेळी त्यांच्या मनात काय होते हे कोणासही ठाऊक नाही. ही तीन वाक्ये तीन निरनिराळ्या आवाजांत म्हणता येणे, हे इतिहास शिकल्याचे लक्षण आहे. आणि आपल्या निश्चयाचा भार दुसऱ्यावर टाकण्यापूर्वी तो कोणत्या आवाजातला आहे हे तपासणे, हे शहाण्या नागरिकाचे लक्षण आहे.